सेवेचा हात कोठें थांबावा?

आजाऱ्याची सेवा करावी कीं करूं नये, असा प्रश्न कोणीं विचारला तर आपल्याकडे त्याला वेड्यांत काढतील. आईबापांची सेवा, अतिथीची सेवा, रुग्णाची सेवा हीं सारीं पुण्यकर्में असून त्यांविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं, अशीच आमचीही समजूत होती. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं सेलू येथें आमच्या मामांच्या घरीं जें पाहण्यांत आलें त्यामुळें ह्या समजुतीस तडा गेला. आणि तो बुजवावा कीं तसाच राहूं द्यावा, ह्याचा निर्णय आम्हांस अद्याप करतां आलेला नाहीं. म्हणून तो प्रश्न वाचकांपुढें ठेवीत आहों.

सेलू हें वर्ध्याहून नागपुरास जाणाऱ्या रस्त्यावरील तालुक्याचें गांव. मामांची शेती तेथलीच. कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन. कापूस वेचणीच्या दिवसांत एके सकाळीं त्यांस अर्धांगवायूचा झटका आला. तिकडे त्याला लकवाच म्हणतात. उजवा हात व उजवा पाय दोन्ही लुळे पडले. दवाखान्यांतून परत आल्यावर घरानें त्यांची जी सेवा केली तिला तोड नव्हती. मामींनीं घांस भरवावा, थोरल्या सुनेनें अंग पुसावें, मुलानें उचलून ओसरीवर बसवावें, नातवानें पाण्याचा पेला ओठांस लावावा. मामांनीं हालचाल करण्यापूर्वींच चार हात पुढें होत. गांवांत ह्या घराचें नांव निघालें. सहा महिन्यांत पाय बराच सुधारला, काठी टेकीत मामा अंगणांत फिरूं लागले. पण हात पोटाशीं वळून बसला तो बसलाच. तो कामांतून गेला, असें सर्वांनीं धरलें, आणि मामांनीं सर्वांच्या आधीं.

त्या सुमारास शेजारच्या घरीं त्यांची भाची सुटींत आली होती. वर्ध्याकडील एका महाविद्यालयांत ती फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर वर्गांत शिकत होती. तिनें मामांचा हात आपल्या हातांत घेऊन बराच वेळ पाहिला. मनगट थोडेंसें उचललें जातें, बोटें किंचित् उघडतात, हें तिच्या ध्यानांत आलें. मग तिनें मामींस विचारलें, "काकू, यांना तहान लागली म्हणजे हे काय करतात?" मामी मोठ्या अभिमानानें म्हणाल्या, "तहान लागाच्या आधीच पाणी देतो न वं बाई त्याइले!" ती मुलगी क्षणभर गप्प राहिली, आणि हळूच म्हणाली, "मग हात कशाला हलेल?"

ह्या चार शब्दांमागें एक सबंध शास्त्र उभें आहे, हें आम्हांस मागाहून कळलें. मेंदूंतील रक्तप्रवाह तुटला कीं आरंभीं हात खरोखरच हलत नाहीं. रोगी प्रयत्न करतो, फसतो, आणि दुसऱ्या हातानें किंवा दुसऱ्याच्या हातानें त्याचें काम भागतें. पुढें कित्येकांच्या बाबतींत थोडी शक्ति परत येते. परंतु तोंवर त्या हाताचें स्मरणच न करण्याची संवय जडलेली असते. एडवर्ड टॉब ह्या अमेरिकन संशोधकानें ह्या अवस्थेला 'शिकलेला अनुपयोग' अशा अर्थाचें नांव दिलें. म्हणजे हात जितका रोगानें जातो तितकाच न वापरल्यानें जातो. ह्यावर उपाय योजला तो मोठा विलक्षण: चांगला हातच हातमोज्यांत बांधून ठेवावयाचा आणि दुबळ्या हाताकडून तासन् तास काम करवून घ्यावयाचें. अमेरिकेंत २२२ रोग्यांवर ह्याची चाचणी झाली, तिचा वृत्तांत २००६ सालीं प्रसिद्ध झाला. दोन आठवडे, जागेपणाचा नऊ दशांश वेळ, चांगला हात बंदिस्त. आणि झटका येऊन तीन ते नऊ महिने उलटलेल्या त्या रोग्यांस रूढ उपचारांपेक्षां अधिक लाभ झाला, तो वर्षभर टिकला. अर्थात् मनगट व बोटें थोडीं तरी हलत असलीं पाहिजेत. ज्याचा हात सर्वस्वीं गेला त्यास हा उपाय लागू नाहीं.

ह्या विद्येचा उगमही निर्मळ नाहीं, हें जातां जातां सांगणें प्राप्त आहे. टॉब ह्यानें वानरांच्या हातांतून संवेदना नेणाऱ्या नसा तोडून हे नियम शोधले. १९८१ सालीं मेरीलँडमधील त्याच्या प्रयोगशाळेवर पोलिसांनीं छापा घातला आणि तेथील १७ वानरांच्या हालांवरून खटला झाला. त्याची शिक्षा पुढें अपिलांत रद्द झाली. जो हात आज सेलूच्या ओसरीवर पुन्हां पेला धरतो त्याच्या पाठीमागें त्या मुक्या प्राण्यांचे हात आहेत. ह्याचा हिशेब कसा मांडावा, आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां मामांकडे वळूं. त्यांस घांस भरवावा लागे ह्याचें कारण आम्ही सारे दुबळेपणा समजत होतों. तें निराळेंच होतें. पुनर्वसनशास्त्रांत दोन मार्ग मानतात. एक गेलेली शक्ति परत आणण्याचा, आणि दुसरा, ती येत नसेल तर अन्य अवयवाकडून काम भागविण्याचा. उजवा गेला तर डाव्यानें जेवावयास शिकवा, हा दुसरा मार्ग सोपा व लवकर साधणारा. महोनी व बार्थेल ह्या दोघींनीं १९६५ सालीं स्वावलंबन मोजण्याचें एक कोष्टक प्रसिद्ध केलें, तें जगभर चालतें. एकूण गुण १००. आपल्या हातानें जेवतां आलें तर १०, मदत लागली तर ५. कोणत्या हातानें, हें कोष्टक विचारीत नाहीं. पण मामांस डावा हात ताटांत घालणें मेल्याहून मेल्यासारखें वाटे. तो हात कोणत्या कामाचा, हें आपल्याकडे सांगावें लागत नाहीं. नातवंडांसमोर डाव्या हातानें भाकर मोडण्यापेक्षां त्यांनीं बायकोच्या हातून भरवून घेणें पत्करलें होतें. ज्यास आम्ही परावलंबन म्हणत होतों, तें त्यांच्या दृष्टीनें अब्रू राखण्याचें साधन होतें. ती मुलगी ह्याच मुलखांतली असल्यामुळें तिला हें न सांगतां समजलें. पुस्तकाबाहेरचें तिला इतकें ठाऊक नसतें, तर डाव्या हाताचे दहा गुण देऊन ती निघून गेली असती.

तिनें आपल्या गुरुजनांचा सल्ला घेऊन प्रयोग आरंभिला. मामा बसलेले असतांनाच, पडण्याचा धोका नाहीं असें पाहून, डाव्या हातांत लोकरी हातमोजा चढवावयाचा, आणि उजव्यानें कापसांतून सरकी काढावयाची, तुरीचे दाणे वाटींत टाकावयाचे, पितळेचा पेला उचलावयाचा. घरच्यांनीं जवळ बसावें, पण हात लावूं नये, ही तिची मुख्य अट. मामांपेक्षां ही शिक्षा मामींस अधिक कठीण गेली. पेला निसटे, पाणी सांडे, मामा चिडून शिव्या देत, आणि मामी पदर तोंडाशीं धरून बसत. चौथ्या दिवशीं एक शेजारीण पायरीवरून ओरडली कीं, म्हाताऱ्याला पाणीही कोणी देत नाहीं ह्या घरांत! धाकटी सून त्या दिवशीं जेवली नाहीं.

आमच्या मतें खरा नैतिक प्रश्न येथें आहे. सेवा दिसते; सेवा आवरणें मात्र दिसतांना निष्ठुरतेसारखेंच दिसतें. भरविणारीला लोक सती म्हणतात, आणि हात आखडून शेजारीं बसणारीला कैदाशीण. वस्तुतः भरविण्यास प्रेम लागतेंच असें नाहीं, पांच मिनिटांचें काम उरकतें. उलट अर्धा तास सांडणारा पेला पाहत बसण्यास जें लागतें त्याला आपल्या भाषेंत नांवसुद्धां नाहीं. आपण करीत असलेल्या सेवेंत रोग्याचें हित किती आणि आपल्या जिवाला येणारें समाधान किती, हें आपण क्वचित् तपासून पाहतों.

ह्या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाहीं. सेवाग्रामास परचुरे शास्त्री हे संस्कृतज्ञ कुष्ठरोगानें पीडित होऊन आले, तेव्हां गांधीजी स्वतः त्यांच्या अंगास मालीश करीत. जो स्पर्श सारें जग टाळीत होतें तो देणें हीच तेथें सर्वांत मोठी सेवा होती, आणि तींत हात आखडण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु वर्ध्याजवळच दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण ह्यांनीं १९३६ पासून कुष्ठरोग्यांसाठीं काम चालविलें होतें. आणि हिंगणघाटास जन्मलेले बाबा आमटे ह्यांनीं पुढें वरोऱ्याजवळ आनंदवन उभें केलें, तेथें तर बोटें झडलेल्या हातांत कुदळ आली. त्या हातांनीं माळरान फोडलें, शेती पिकविली. स्वतः बाबा पाठीच्या कण्याच्या व्याधीनें अनेक वर्षें बसूं शकत नव्हते. उभें राहणें वा आडवें होणें एवढेंच त्यांस शक्य होतें. मालीश करणारा हात आणि कुदळ देणारा हात ह्यांत श्रेष्ठ कोणता, असें विचारणें व्यर्थ होय. शास्त्रीबुवांस कुदळ देणें क्रूरपणाचें झालें असतें, आणि आनंदवनांतील तरुणांस आयुष्यभर मालीश करीत बसणें अपमानाचें.

तथापि हात आखडण्याच्या ह्या तत्त्वाचा दुरुपयोग किती सहज होतो, हेंही पाहिलें पाहिजे. स्वावलंबनाचें नांव घेऊन म्हाताऱ्यास वाऱ्यावर सोडणारीं घरें आहेत. व्यायामाच्या चित्रांचा कागद हातीं देऊन रोग्यास वाटेस लावणारे दवाखानेही आहेत. वरवर पाहतां दोन्हीकडे कृति एकच: मदत न करणें. भेद एवढाच कीं, एकीकडे कोणी तरी शेजारीं बसलेलें असतें. तें बसणें काढून घेतलें कीं उरते ती केवळ उपेक्षा. आणि ज्या सुनेला पहांटे शेतावर जावयाचें आहे तिनें तो अर्धा तास आणावा कोठून, हा प्रश्न नीतिशास्त्राचे ग्रंथ विचारीत नाहींत. भरविणें हें कित्येक घरांत प्रेमापेक्षां वेळेच्या टंचाईचें लक्षण आहे.

मुंबईस पोलिओच्या सांथीनंतर, १९५० नंतरच्या दशकांत ह्या विद्येचें रीतसर शिक्षण सुरू झालें. २०१४ सालीं भारत पोलिओमुक्त ठरला. परंतु विद्येचें काम कमी झालें नाहीं, कारण लकवा, अपघात आणि वार्धक्य हीं तिच्या वांट्यास आलीं. आज सावंगीसारख्या ठिकाणीं ती पदव्युत्तर पायरीपर्यंत शिकवितात. दोन वर्षांत विद्यार्थी मज्जासंस्था, सांधे, हृदय व फुप्फुसें ह्यांपैकीं एखादी शाखा घेतो आणि प्रबंध लिहितो. प्रबंधाला मापें लागतात. मापांवांचून शास्त्र नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. बार्थेलचें कोष्टक करणाऱ्यांनीं स्वतःच बजावून ठेवलें आहे कीं, १०० गुण मिळविणारा मनुष्य एकटा राहूं शकेलच असें नाहीं. पण परीक्षेंत असा प्रश्न कोण घालणार, कीं अमुक रोग्याच्या घरीं अमुक दिवशीं हात पुढें करावा कीं मागें घ्यावा?

पुनर्वसन हा शब्द आपण धरणांत बुडालेल्या गांवांसाठींही वापरतों. तेथें जुनें गांव परत मिळत नाहीं. नवी जागा, नवी विहीर, आणि शेजारही बहुधा नवा. मामांचेंही तसेंच झालें. पुढें महिन्याभरानें त्यांचा उजवा हात पेला धरूं लागला, भाकर दाबून मोडूं लागला. वखर मात्र त्या हातीं पुन्हां आलें नाहीं. दुपारीं ते पंगतींत आपल्या हातानें जेवूं लागले, तेव्हां मामी आंत जाऊन रडल्या.

परंतु त्यांनीं एक अट घातली, आणि तिच्यामुळें आमचा प्रश्न पुन्हां पहिल्या जागीं आला. ते म्हणाले, "दिवसा मी माझ्या हातानं खातो. रातचं इनंच भरवाव." त्या मुलीनें समजावून पाहिलें कीं, जितकें वापराल तितकें येईल. मामांनीं ऐकलें नाहीं. हाताला येत नाहीं म्हणून भरवून घेणें निराळें, आणि येत असतां मागून घेणें निराळें, असें त्यांचें म्हणणें असावें. त्यांनीं तें शब्दांत सांगितलें नाहीं. ती मुलगी थोडा वेळ वहींत पाहत राहिली आणि मग तिनें होकार दिला. अद्यापि सेलूस गेलों कीं रात्रीं मामी ताटाशीं बसलेल्या दिसतात, वरणांत भाकर कुसकरतात, आणि घांस चावीत असतां मामांचा उजवा हात मांडीवर उघडा पडलेला असतो.