सहीपुरते शिफारसपत्र

काही दिवसांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आपल्या आईसह आमच्याकडे आला. एम. ए. झालेला, ‘नेट’ उत्तीर्ण, बुलढाणा जिल्ह्यातीलच एका महाविद्यालयात चार वर्षे तासिका तत्त्वावर शिकविणारा. पूर्वी ज्यास अधिव्याख्याता म्हणत, त्या सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी त्याने अर्ज केला होता. शिफारसपत्र तो टंकलिखित करूनच घेऊन आला होता. “फादर, फक्त सही नि शिक्का,” माऊली म्हणाली. त्याच्या अध्यापनकौशल्याचा आम्हांला निकटचा परिचय आहे, असे त्यात लिहिले होते. वास्तविक त्याच्या वर्गात आम्ही एकदाही बसलो नव्हतो.

अशा कागदांवर आम्ही पूर्वी डोळे झाकून सह्या केल्या आहेत. एकदा एकाच जागेसाठी आमच्या धर्मग्रामातील दोघे उभे राहिले. दोघांजवळ आमचे पत्र, आणि नाव वगळता दोन्ही पत्रे शब्दशः सारखी! निवड समितीतील एका गृहस्थांनी दूरध्वनी करून हसत विचारले, “फादर, यांतला नेमका कोणता घ्यावा?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

इंग्लंड-अमेरिकेत अर्जदार दोन-तीन जाणकारांची नावे देतो. ते आपले मत परस्पर विद्यापीठास कळवितात. आपल्याकडे पत्र बहुधा अर्जदाराच्याच हाती असते. साहजिकच त्यात स्तुतीवाचून काही उरत नाही, आणि म्हणून ते कोणी गंभीरपणे वाचीत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने पदव्या, ‘नेट’, शोधनिबंध यांचे गुण मुलाखतीस बोलावण्यापुरते धरले व निवड मुलाखतीवर सोपविली. तेव्हा माणसाच्या शब्दाला जागा उरतेच. पत्रातील शब्द निकामी झाला, की तेथे वशिला येऊन बसतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातून लंडनला गेले, तेव्हा प्रा. सेलिगमन यांनी तेथील प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी लिहिले होते. सेलिगमन यांनी त्यांना शिकविले होते, त्यांचे काम पाहिले होते. पुढे १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळविताना माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांची ओळख उपयोगी पडली, असे चरित्रकार सांगतात. पद मिळाले, पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिऊ नये, असा आक्षेप सहकाऱ्यांनीच घेतला. एवढ्या विद्वत्तेलाही कोणाचा तरी शब्द लागला. मग जिच्या पाठीशी सेलिगमन नाही आणि फादरही नाहीत, त्या शेतमजुराच्या मुलीचे काय? आम्ही लिहिलेली प्रत्येक खोटी ओळ तिच्या ताटातून उचललेली असते.

परंतु एक अडचण आहे, ती लपविता येत नाही. जेथे प्रत्येक अर्जदार ‘अद्वितीय’ असतो, तेथे ‘कष्टाळू’ ही निंदाच ठरते. आमच्या सत्यनिष्ठेची किंमत आम्ही नव्हे, तो मुलगा मोजणार. दुसऱ्याच्या खर्चाने खरे बोलणे सोपे असते.

संत पौलाचे फिलेमोनास लिहिलेले पत्र आम्हांला अशा वेळी आठवते. धन्यापासून दूर गेलेल्या अनेसिम या दासासाठी केलेली ती शिफारसच होय. तो पूर्वी निरुपयोगी ठरला होता, हे पौल झाकीत नाही. मात्र त्याच्याकडून काही येणे असेल तर ते आपल्या खाती मांडावे, असे स्वहस्ते लिहितो. दोष सांगण्याचा अधिकार त्याला या हमीने दिला.

आम्ही तो टंकलिखित कागद बाजूला सारला आणि हाताने लिहिले: हा तरुण चार वर्षे आमच्या सभागृहातील संध्याकाळच्या अभ्यासवर्गात दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवीत आहे, कधी उशिरा आला नाही, मागे पडणाऱ्या मुलांवर लवकर चिडतो, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन बसतो, महाविद्यालयातील अध्यापनाविषयी त्याच्या विभागप्रमुखांस विचारावे, आणखी काही विचारावयाचे असल्यास बोलवावे, आम्ही जातीने येऊ.

आईने ते दोनदा वाचले. ‘चिडतो’ या शब्दावर तिचे बोट थांबले. “फादर, एवढं काढता नाही का येणार?”

“राहू दे, आई. खरं आहे ते,” मुलगा म्हणाला आणि कागद त्याने फाइलीत ठेवला. मुलाखत अजून व्हायची आहे.