फुकटाचे ऋण

फुकट मिळालेल्या वस्तूचे ऋण लागते काय, आणि लागत असल्यास ते फेडावयाचे कोणाचे, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. ब्राह्मण जन्मास येतो तो तीन ऋणे घेऊनच येतो, असे तैत्तिरीय संहितेत म्हटले आहे. त्यांतील ऋषिऋण फेडण्याची रीत मोठी विलक्षण आहे. ऋषींना परत काही द्यावयाचे नसते. त्यांनी ठेवून दिले ते शिकावयाचे, आणि मागून येणाऱ्यास शिकवावयाचे. देणारा एक आणि परतफेड दुसऱ्यालाच, असा हा व्यवहार कोणत्याही सावकाराच्या वहीत बसणारा नाही. या जुन्या विचाराकडे मी पुन्हा वळलो तो मात्र संगणकाच्या निमित्ताने.

बदलीच्या नोकरीतील मराठी कुटुंबात हल्ली एक संगणक असतोच. मुलांचा अभ्यास, प्राप्तिकराचा हिशेब, आईच्या औषधांची यादी, गावच्या जमिनीचे सातबारा उतारे, लग्नमुंजींची छायाचित्रे, एवढा संसार त्यात साठलेला असतो. कचेरीतील यंत्रावरच्या आज्ञावलींचे पैसे सरकार भरते. घरच्या यंत्राचे आपण भरावयाचे. आणि येथेच एक चमत्कारिक दृश्य दिसते. जो गृहस्थ सरकारी पाकिटावर खाजगी पत्ता लिहावयास धजत नाही, तोच घरी चोरून उतरविलेली आज्ञावली निर्धास्तपणे वापरतो. विचारले तर म्हणतो, "सगळेच वापरतात, आणि एवढ्या मोठ्या कंपनीचे त्यात काय जाते?" हाच युक्तिवाद कोणी पाकीट पुढे सरकवीत त्याच्या टेबलापाशी केला, तर तो त्यास खोलीबाहेर काढील!

किंमत अवाच्या सवा आहे, हे मला मान्य आहे. पण चोरीत पापाखेरीज आणखी एक खोट आहे, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. चोरलेली वस्तूदेखील आपली होत नाही. आपण केवळ भाडे न देणारे भाडेकरू होतो. सरकारी निवासस्थानात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे समजावून सांगावयास नको. भिंतीत खिळा ठोकावयाचा तर सार्वजनिक बांधकाम खात्याकडे पाहावे लागते, आणि गच्ची गळू लागली तर अर्ज करून पावसाळा संपण्याची वाट पाहावी लागते. आज बाजारातील पुष्कळशा आज्ञावली अशा भाड्याच्याच आहेत. वर्षाचे पैसे थांबले की काम थांबते, आणि आत राहिलेले आपले कागद पाहावयासही कुलूपवाल्याची मर्जी लागते.

माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर, १९९९ च्या सुमारास, आपल्या आठवणी संगणकावर टंकून ठेवल्या होत्या. त्यासाठी त्यांनी एक मराठी टंक रीतसर पैसे देऊन विकत घेतला होता. पुढे यंत्र बदलले, तो टंक नव्या यंत्रावर चालेना, आणि वडीलही गेले. ती धारिका उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक सडा पडे. कारण साधे होते. त्या काळच्या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची रूपे बसवलेली असत. दिसावयास मराठी, पण आत साठविलेली अक्षरे रोमनच. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. 'क' चा २३२५. तो टंक बदलला तरी बदलत नाही. जुन्या धारिकेत तसले काहीच नव्हते. म्हणजे वडिलांच्या आठवणी जिवंत होत्या, पण त्या वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती.

ती किल्ली शेवटी मिळाली ती एका अनोळखी माणसाने लिहून सर्वांसाठी मोकळ्या ठेवलेल्या लहानशा आज्ञावलीत. कोणत्या रोमन खुणेमागे कोणते मराठी रूप आहे याचे एक कोष्टक, आणि त्यावर दोनचार नियम. जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टंकावी लागे, ती उचलून मागे न्यावयाची. रफार मागून येई, तो पुढे आणावयाचा. कोष्टकात काही जोडाक्षरे राहून गेली होती. परंतु आतला मजकूर उघडा असल्यामुळे ती मला स्वतःला भरता आली. दोन रात्रींत वडिलांचा पुण्यातील शाळेचा पहिला दिवस मी प्रथमच वाचला.

मुक्तस्रोत म्हणतात ते हेच. मुक्त म्हणजे फुकट, असा एक गैरसमज आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ साली त्याचा सामान्य परवाना सिद्ध केला. त्यात विकावयास मनाई नाही. वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा, विका. अट एवढीच, की बदललेले जेव्हा दुसऱ्यास द्याल तेव्हा आतली मूळ संहिताही द्या, आणि तुम्हांस मिळाली ती सर्व मोकळीक त्यासही द्या. हा परवाना मी प्रथम वाचला तेव्हा ऋषिऋणाचीच व्याख्या कोणा वकिलाने कायद्याच्या भाषेत मांडली आहे असे मला वाटले.

नोकरीच्या निमित्ताने कावेरीकाठी तिरुवैयारूस राहणे घडल्यापासून हा विचार माझी पाठ सोडीत नाही, कारण या गावाचे मोठेपणच अशा दानावर उभे आहे. त्यागराजस्वामींनी येथे शेकडो कृती रचल्या, त्याही तमिळ मुलखात राहून बहुतेक तेलुगूत. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबाराचे बोलावणे त्यांनी नाकारले अशी कथा येथे सांगतात, आणि आपल्या मराठी अभिमानास ती किंचित बोचते. ते उंछवृत्तीने राहत, म्हणजे आपल्याकडील माधुकरीच म्हणा. त्यांची कृती गाण्यास कोणाचा परवाना लागला नाही. शिष्यांनी त्या लिहून घेतल्या. वालाजापेट, उमयाळपुरम्, तिल्लैस्थानम् अशा शिष्यपरंपरा झाल्या, त्यांची पाठांतरे निरनिराळी झाली, गाणाऱ्यांनी संगतींची भर घातली. मूळ पाठ कोणता यावर येथे अजूनही कडाक्याचे वाद होतात, आणि ते ऐकण्यात मोठी मजा असते! पण वाद घालणारा प्रत्येक जण ती कृती आपली समजतो, म्हणूनच भांडतो.

याच प्रदेशात त्याच काळी व्हायोलिनने कर्नाटक संगीतात प्रवेश केला. बालुस्वामी दीक्षितर आणि तंजावरचे वडिवेलू यांची नावे त्यासंबंधी घेतात. वाद्य परके, उभ्याने हनुवटीखाली धरण्याचे. यांनी ते मांडी घालून बसून छाती आणि घोटा यांच्यामध्ये टेकवले, तारा षड्ज-पंचमात लावल्या, आणि गमक त्यातून काढले. आज याला कोणी 'जुगाड' म्हणेल. मला तो शब्द येथे तोकडा वाटतो. जुगाडात दिवस भागविण्याचा भाव आहे. येथे वाद्य आपल्या बैठकीला येईपर्यंत समजून घेतलेले आहे. हे जमले, कारण व्हायोलिन कसे धरावे याची अट कारागिराने विक्रीबरोबर घातलेली नव्हती.

मात्र या चित्रात एक काळी बाजू आहे, आणि मुक्तस्रोताचे भक्त ती झाकतात. देणाऱ्यालाही पोट असते. माधुकरी मागणाऱ्या संताच्या झोळीत गाव तांदूळ घालीत होते. आमच्या संगणकावरील मुक्त आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या झोळीत काय पडते? 'एक्स-झेड' नावाची, धारिका आवळून लहान करणारी एक आज्ञावली जगातील असंख्य यंत्रांवर आहे. ती वर्षानुवर्षे एकच माणूस आपल्या फावल्या वेळात सांभाळीत होता. तो थकला, आणि मदतीस म्हणून आलेल्या एकाने त्याचा विश्वास संपादन करून तीत एक चोरदरवाजा बसविला. मार्च २०२४ मध्ये आन्द्रेस फ्रॉइन्ड या अभियंत्यास दूरच्या यंत्रात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, त्याने उघडी संहिता आणि तिच्याबरोबर आलेले कागद तपासले, म्हणून अनर्थ टळला. उघडेपणाने वाचविले हे खरे. पण तो एकटा माणूस थकला तेव्हा आपण सारे कोठे होतो? चोरीची आज्ञावली वापरणाऱ्यास मी वर नावे ठेवली. मोकळी आज्ञावली वापरून तिच्या कर्त्याची कधी विचारपूसही न करणारा त्याच्याहून फार वरचा आहे, असे मला म्हणवत नाही.

ऋण मानणे म्हणजे काय, याचे उत्तर याच गावात नदीकाठी उभे आहे. त्यागराजांची समाधी मोडकळीस आली होती. बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने आपल्या गाण्याच्या कमाईतून ती जागा सोडवली आणि १९२०-३० च्या दशकात तेथे देऊळ बांधले. त्या काळी समाधीपुढे स्त्रियांस गाऊ देत नसत. तेव्हा त्यांनी स्त्रियांची वेगळी आराधना चालविली. त्यागराज १८४७ साली गेले, नागरत्नम्मांचा जन्म १८७८ चा. त्यांना ते कधी भेटले नाहीत.

आपल्यासारख्यांना देऊळ बांधावयाचे नाही, आणि संहिता लिहिण्याचे ज्ञानही बहुतेकांपाशी नाही. पण मराठी येते, कागद नीट वाचण्याची सवय आहे, टिपण लिहिण्यात तर हयात गेली आहे. राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' हा टंक मोकळा आहे. त्याच्याच देवनागरी अक्षरांवरून मुंबईच्या आय. आय. टी.त 'शोभिका' हा टंक झाला, तोही मोकळा. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली आणि तिचेही मोकळे टंक आहेत. पण ते जुन्या हस्ताक्षरांशी कितपत जुळतात हे सांगावयास मोडी वाचणारी माणसे हवीत. येथून अवघ्या दहा-बारा किलोमीटरांवर तंजावरास सरस्वती महाल ग्रंथालयात भोसल्यांच्या दफ्तराचे मोडी रुमाल आहेत. माझे एक सहकारी, कोल्हापूरकडचे, दर रविवारी तेथील प्रसिद्ध झालेल्या मोडी कागदांपैकी एक पान टंकतात, आणि जे अक्षर चुकीचे उमटते त्याची नोंद टंक करणाऱ्यांस पाठवितात. गेल्या रविवारी ते 'ज्ञ' वर अडले होते.