रिकाम्या हाताला काय द्यावे?

॥ श्री गुरवे नमः ॥



मागच्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एका गुरुबंधूंनी प्रश्न टाकला होता. नोकरी जाऊन वर्ष होत आलं, भावाकडून आणि मंडळींकडून दर महिन्याला काही ना काही मदत येते. ही मदत घ्यावी का? घेतली तर डोक्यावरचं ऋण वाढत तर नाही?

प्रश्न आला आणि पाठोपाठ हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कुणी लिहिलं, माउली सगळं पाहून घेईल. कुणी लिहिलं, फुकट देऊन देऊन माणसं बिघडतात, कर्म करावं. चाळीसेक मेसेज झाले. ज्यांनी विचारलं होतं ते मात्र त्यानंतर काही बोलले नाहीत. आम्हा सेवेकरी बायकांना ते गप्प होणं फार लागलं. म्हणून या वेळच्या पत्रिकेत याच प्रश्नावर लिहितो आहोत.

आधी आमची चूक सांगतो, कारण उत्तराची सुरुवात तिथूनच होते.

दोन वर्षांपूर्वी इंदूरच्या आमच्या केंद्रातल्या एका गुरुबंधूंचं काम सुटलं. कारखान्यातला ठेका संपला आणि पन्नाशीच्या पुढचा माणूस घरी बसला. आम्हाला कळलं तसं आम्ही लगेच पैसे जमवले, सियागंजातून महिन्याचा किराणा भरला. पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहा, काही राहू दिलं नाही. गुरुवारच्या आरतीनंतर सगळ्यांसमोर त्या वहिनींच्या हातात पिशव्या दिल्या, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, सेवा पूर्ण झाली.

पुढच्या गुरुवारी ते घर आलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. दीड महिन्याने वहिनी भाजीबाजारात भेटल्या. आम्ही विचारलं, दिसत नाही तुम्ही? त्या म्हणाल्या, "ताई, पीठ पंधरा दिवसांत संपलं. फोटो अजून सगळ्यांच्या फोनमध्ये आहे."

आम्ही तिथे मेथीची जुडी हातात घेऊन उभ्या राहिलो. काय बोलावं ते सुचलं नाही.

(हे इथे लिहायच्या आधी वहिनींना वाचून दाखवलं आहे. ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही. त्या म्हणाल्या, लिहा, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.)

तेव्हापासून आम्ही विचार करतो आहोत की चुकलं कुठे. देणं चुकीचं नव्हतं. पण माणसाचं काम जातं तेव्हा त्याचं नक्की काय काय जातं, हे आम्हाला कळलं नव्हतं. पगार जातो हे तर उघड आहे. त्याबरोबर त्याचा दिवसही जातो. सकाळी आठला डबा घेऊन निघायचं, संध्याकाळी थकून यायचं, यात माणसाला एक आकार असतो. तिसरं म्हणजे चार माणसांतली जागा जाते. लग्नात भेटलेला पाहुणा विचारतो, "सध्या काय करता?" आणि माणूस ताटाकडे बघतो. आम्ही पहिल्या गोष्टीची थोडी भरपाई केली आणि तिसरी गोष्ट, जी आधीच मोडत आली होती, ती आमच्या हाताने पुरती मोडली.

आता ऋणाचा प्रश्न. काम गेलेल्या माणसाला जे मिळतं ते दान आहे का?

इंदूरच्या आमच्या वयाच्या लोकांना गिरण्यांचे भोंगे आठवत असतील. हुकुमचंद मिल 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांनी आपल्या देण्यासाठी किती वर्षं कोर्टात झगडावं? 25 डिसेंबर 2023 ला सुमारे 4,800 कामगारांसाठी जवळपास 224 कोटी रुपयांचा धनादेश दिला गेला. तीस वर्षांच्या वर लोटली होती. कित्येकांचे पैसे त्यांच्या विधवांनी आणि मुलांनी घेतले. आता कुणी म्हणेल का की त्यांना मदत मिळाली? त्यांचा घाम होता, त्यांचेच पैसे होते. उशीर मात्र आपल्या सगळ्यांचा होता.

दुसरं उदाहरण महाराष्ट्राचं. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला आणि बांध घालायला कामावर आली. त्यातून जी रोजगार हमी योजना वाढली, तिचा कायदा 1977 मध्ये झाला. तिच्यामागे वि. स. पागे यांचा ध्यास होता. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. म्हणजे शहरातल्या पगारदाराने दर महिन्याला थोडं द्यायचं आणि गावातल्या रिकाम्या हाताला काम मिळायचं. पुढे 2005 मध्ये देशभरासाठी ग्रामीण रोजगाराचा कायदा आला, तेव्हा त्यात लिहिलं की काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागेल. याचा अर्थ आम्ही असा घेतो की काम मागणारा हात समोर आला आणि समाजाला काम देता आलं नाही, तर देणं समाजाच्या अंगावर येतं. घेणारा माणूस तिथे ऋणकरी होत नाही.

शहरात मात्र अशी देशभराची हमी नाही. म्हणून शहरात शेजारी, नातेवाईक आणि आपल्यासारखी मंडळं यांच्यावर जास्त येतं.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. फुकट मिळालं की माणूस आळशी होतो. हे म्हणणारे गुरुबंधू वयाने मोठे आहेत आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असं आम्ही म्हणणार नाही. काम माणसाला सांभाळतं. आपल्या संतांकडे बघा. गोरोबाकाका मडकी घडवत, सावता महाराज मळा राखत, सेना महाराज न्हाव्याचं काम करत, कबीर मागावर बसत. नाम घेता घेता कुणी धंदा सोडला नाही.

पण एक गोष्ट आमच्या मनात येते. आळस होतो हे आपण कोण बोलतो? कुणाला एक तारखेला पेन्शन येते, कुणाला दुकानाचं भाडं येतं. आणि आम्ही गृहिणी? आमच्यातल्या बहुतेकींच्या नावावर आयुष्यात कधी पगार जमा झाला नाही. तीस-तीस वर्षं पहाटे उठलो, सासू-सासऱ्यांचं केलं, मुलं शिकवली. मिळकत शून्य. मग आम्ही फुकट खाल्लं का? (कधी कधी तसं ऐकूनही घेतलं, तो भाग वेगळा.) एवढं आम्हाला अनुभवाने कळतं की काम आणि कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याची कमाई थांबली त्याची किंमत थांबली असं धरलं, तर सगळ्यात आधी आमचीच किंमत शून्य ठरेल.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं उघडली. धान्य घ्यायला आलेल्याला, तू कष्ट का करत नाहीस, असं त्यांनी विचारल्याचं कुठल्या कीर्तनात ऐकलेलं नाही. आधी धान्य दिलं. आणि आपल्या माळव्यातच बघायचं तर अहिल्यादेवींनी ठिकठिकाणी अन्नछत्रं घातली, आणि महेश्वरात विणकरही वसवले. त्यांचे माग आजही चालू आहेत. भुकेल्याला जेवण आणि हाताला काम, दोन्ही. या दोघांत भांडण लावायचं कारणच नाही.

त्या भाजीबाजारातल्या भेटीनंतर आमच्या केंद्रात काही गोष्टी बदलल्या. त्या सांगतो, कारण इतर केंद्रांतही, मग ते बडोद्याचं असो की बेळगावचं, उपयोगी पडतील.

एक, कुणाला काय दिलं हे फक्त दोन सेवेकऱ्यांना माहीत असतं. फोटो नाही, यादी नाही, आरतीनंतरचा कार्यक्रम नाही.

दोन, आधी विचारायचं. बहुतेक वेळा पीठ लागतच नाही. मुलीची फी लागते, लाइट बिल थकलेलं असतं, बीपीच्या गोळ्या आणायच्या असतात.

तीन, कागदपत्रांसाठी सोबत बसायचं. पगारातून ईएसआयची कपात होत असेल आणि नोकरी आपल्या चुकीशिवाय गेली असेल, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नव्वद दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या निम्म्या दराने रक्कम मिळण्याची सोय आहे. 2018 मध्ये ही योजना आली तेव्हा दर पाव होता, 2020 मध्ये तो निम्मा केला. अटी आणि मुदत बदलत असतात, म्हणून ईएसआयच्या शाखेत जाऊनच विचारावं. आमच्यातल्या कितीतरी घरांना याचं नावही माहीत नव्हतं. मध्य प्रदेशात 2023 पासून 18 ते 29 वयाच्या मुलामुलींसाठी सीखो-कमाओ योजना आहे. त्यात काम शिकताना बारावी झालेल्याला महिन्याला 8,000 पासून पदवीधराला 10,000 पर्यंत विद्यावेतन ठरवलेलं आहे. केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. हातगाडी लावणाऱ्यांसाठी 2020 पासून स्वनिधीचं कर्ज आहे. हे सगळं मागणं म्हणजे हात पसरणं नाही.

आणि हे नीट लक्षात ठेवा, नोकरी लावण्यासाठी जो आधी पैसे मागतो तो नोकरी देत नसतो. फोनवर घरबसल्या कमाईचे मेसेज येतात, त्यात काम गेलेली माणसंच सगळ्यात जास्त फसतात, कारण त्यांना घाई असते.

चार, काम शोधून द्यायचं आणि पूर्ण दाम द्यायचा. आपल्या साडेतीनशे घरांत कुणाचं दुकान आहे, कुणाचं केटरिंग, कुणाचा शाळेच्या बसचा धंदा. दिवाळीआधी फराळाच्या ऑर्डरी येतात तेव्हा हात कमी पडतात. या गोष्टी एका वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली आहे. इथेही आमच्याकडून एक चूक होत असे. अमुक भाऊ रिकामेच आहेत, मांडवाचं वायरिंग करतील, सेवा होईल, असं आम्ही म्हणायचो. ज्याला नोकरी आहे त्याने केली तर ती सेवा. ज्याच्या घरी गॅस संपलाय त्याच्याकडून फुकट काम करून घेणं याला सेवा म्हणू नये. आता बाजारभावाने पैसे देतो, त्याच दिवशी.

ज्या गुरुबंधूंनी प्रश्न विचारला होता त्यांना आमचं उत्तर असं आहे.

भाऊ, घ्या. संकोच करू नका. घरात खरी परिस्थिती काय आहे ते वहिनींना आणि मोठ्या मुलांना सांगा, लपवू नका. लपवल्याने कर्ज वाढतं, कधी सावकाराकडचंही. सकाळी ठरल्या वेळी घराबाहेर पडा, कुठे नाही तर केंद्रावर वाचनाला या. पूर्वीपेक्षा लहान काम आलं तर त्याला नाही म्हणण्याआधी एक रात्र विचार करा. तुमच्या वाटचे कष्ट तुम्हालाच करायचे आहेत, ते आम्ही करू शकत नाही. आणि फेडायचंच असेल तर आम्हाला फेडू नका. उद्या दुसऱ्या कुणाचं काम जाईल, तेव्हा त्याच्या दारात गुपचूप जा. घेतलेलं असं पुढे गेलं की ऋण उरत नाही, असं आम्हाला वाटतं.

इतरांना एक विनंती. पुढच्या वेळी कुणी असा प्रश्न टाकला तर ग्रुपवर उपदेश करू नका. फोन करा. "सध्या काय करता?" असं न विचारता, "कधी येऊ भेटायला?" असं विचारा.

ते पहिले गुरुबंधू आता सांवेर रोडवर एका गोदामात हिशेब बघतात. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. आम्ही दोघी-तिघी घरी जाऊन माफी मागून आलो. वहिनी म्हणाल्या, असू द्या ताई, आणि चहा केला. त्यानंतर एका गुरुवारी दोघं आले, मागे बसले आणि प्रसाद घेऊन कुणाशी न बोलता गेले. पुन्हा अजून आलेले नाहीत. आम्ही वाट बघतो आहोत. आमच्या चुकीला लागेल तितका वेळ लागू दे.

शेवटी एक काम सांगतो. तो फोटो आम्ही ग्रुपवरून काढला आहे, पण तोपर्यंत बऱ्याच फोनमध्ये उतरला होता. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आज, हे वाचून झाल्यावर, तो काढून टाकावा. कुठला फोटो, कोण, असं ग्रुपवर कुणी विचारू नये. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

गुरुमाउली सर्वांच्या हाताला काम देवो आणि आपल्याला देण्याची रीत शिकवो.

शुभं भवतु.

– इंदूर केंद्रातील सेवेकरी भगिनी