डाव्या हाताची करंगळी

कोल्हापुरात नवी पायताणं घ्यायची तर शिवाजी चौकाजवळ चप्पल लाइन आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि परगावचे पाहुणे अंबाबाईचं दर्शन झालं की पिशव्या घेऊन तिकडंच वळतात. तुटलेलं, झिजलेलं मात्र गंगावेशीकडच्या मामांकडं जातं. दुरुस्तीला कुठलंही मानांकन नसतं. पत्र्याची टपरी, एक बाकडं, आरी, रापी, मेण लावलेला दोरा, आणि मामांच्या गुडघ्यांमध्ये उलटा उभा लोखंडी पाय.

मामांची एक खोड गिऱ्हाइकांना जाच वाटायची. काम झालं, पैसे चुकते झाले, तरी जोडा हातात पडायचा नाही. डावा हात आत घालून मामा करंगळी फिरवत बसायचे. टाचेपासून चवड्यापर्यंत, कडेकडेनं, सावकाश. "मामा, आत पैसं घावलं तर निम्मं माझं," असं कुणीतरी म्हणायचंच. करंगळीच का, हे मात्र कुणी विचारलं नाही. आरी आणि दोऱ्यानं बाकीच्या बोटांना इतके घट्टे पडले होते, की त्यांना टोचलेलं कळायचं नाही. कामाला न लागलेली ही एक करंगळीच तेवढी मऊ राहिली होती.

टाचेला बाहेरून ठोकलेला खिळा आतल्या लोखंडावर आपटला, की त्याचं टोक वळून चामड्यात बसतं. जोडा लोखंडावर नीट चढला नसेल, तर टोक सरळ उभं राहतं. बाहेरून दोन्ही कामं सारखीच दिसतात.

उन्हाळ्यात मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर धुळीत बसायचं नाही, वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. टपरीवर भाचा बसू लागला. पोरगा हुशार, हात चपळ, बोलणं गोड. लग्नसराईची गर्दी होती. तो टाच बसवायचा, वर फुकट पॉलिश मारायचा आणि दहा मिनिटांत जोडा हातात द्यायचा. बाकड्यावर टेकायची कुणाला गरज पडेना. "मामापेक्षा पोरगं बेस," असं गिऱ्हाईक तोंडावर म्हणू लागलं. गल्ला वाढला. करंगळीचा सोपस्कार त्यानं पहिल्याच दिवशी सोडला होता. मामांना डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणून ते चाचपतात, अशी त्याची समजूत होती. आपले डोळे तर शाबूत आहेत!

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारायचे. त्यांनी टाच बसवून घेतली आणि खुशीनं वर पाच रुपये दिले. त्यांना साखरेचा आजार जुना. तो आजार मुरला की तळपायाची जाणीव हळूहळू जाते. काटा रुतला काय नि निखाऱ्यावर पाय पडला काय, माणसाला पत्ता लागत नाही. कंडक्टरांनाही लागला नाही. आठवड्यानं फरशीवर डाग दिसला तो बायकोला.

मामा काळा चष्मा लावून पुन्हा टपरीवर बसले, त्याच सुमारास ती बाई जोडा घेऊन आली. तक्रार करायला नव्हे. "आतनं पुसून पॉलिश करून द्या मामा. आमच्या ह्यांच्या पायाला जखम झालीया, भरतच न्हाई. डॉक्टर म्हणत्यात, साखर लई हाय."

मामांनी सवयीनं करंगळी आत घातली आणि झटक्यात बाहेर काढली. बोटावर रक्ताचा थेंब होता. भाच्यानं तो पाहिला. बाईंचं लक्ष रस्त्यावर होतं.

मामा तेव्हा गप्प बसले असते तरी चाललं असतं. लोखंडी पायावर जोडा चढवायचा, एक ठोका मारायचा, टोक वळतं. पॉलिशचे पैसे मिळाले असते आणि बाईही समाधानानं गेली असती.

"बाई, साखरंवर घालू नका," मामा म्हणाले. "खिळा आमचा हाय."

बाई काही क्षण नुसती बघत राहिली. मग तिनं जोडा तसाच पिशवीत टाकला. "हितनं पुढं ह्या दुकानाची पायरी चढायची न्हाई मी," म्हणाली आणि गेली.

भाचा उसळला. "सांगायची काय गरज हुती मामा? तिला तर कळलंबी नव्हतं!"

"डॉक्टर गोळ्या वाढवत बसंल. जखम कशानं झाली ते त्याला कळाय नको?" मामा बोट पुसत म्हणाले. "आणि महिनाभरात अशा किती टाचा ठोकल्यास?"

भाच्याकडं उत्तर नव्हतं.

खरं बोलणाऱ्याला लोक डोक्यावर घेतात, ते गोष्टींमध्ये. गंगावेशीत बातमी फिरली आणि गिऱ्हाईक रोडावलं. दरम्यान पोत्यात लोखंडी पाय घालून, पहिल्या पावसात भिजत भाचा सायकलवरून दारोदार फिरत होता. "टाच परत तपासायची हाय. पैसं न्हाई घेत." एकानं त्याला दारातूनच हाकललं: "पैसं काढायची नवी युक्ती काय रं?" एका आजीनं चहा पाजला. बहुतेक जोडे ठीक निघाले, आणि ते पाहून हे सगळं उगाच चाललंय असं त्याला वाटूही लागलं. मग एका शाळकरी पोराच्या बुटात टोक लागलं. पोरगं आठवडाभर पाय दुखतो म्हणून रडत होतं आणि शाळा चुकवायचं निमित्त काढतोय म्हणून आईचा मार खात होतं. "बघ! मी म्हणत हुतो का न्हाई?" ते नाचत म्हणालं. आईची मान खाली गेली. तिच्यापेक्षा भाच्याची अधिक.

दिवाळी झाली आणि एक दिवस कंडक्टर स्वतःच टपरीवर आले. जखम भरली होती. पायात डॉक्टरांनी सांगितलेली मऊ रबराची एमसीआर चप्पल होती. कुष्ठरोगानं बधिर झालेल्या पायांसाठी ही चप्पल पूर्वीपासून वापरात आहे, आता साखरेच्या रोग्यांनाही देतात. तिचा पट्टा उसवला होता.

"हिला खिळा चालत न्हाई," भाचा म्हणाला. "शिवाय लागंल. उद्या या."

"उद्या? लेका, उन्हाळ्यात धा मिनिटांत देत हुतास की!"

"म्हणूनच उद्या या. आणि अनवाणी जाऊ नका." त्यानं कोपऱ्यातली एक जोडी काढून पुढं सरकवली.

कंडक्टरांनी ती पायात घातली नाही. उचलली, आणि भाच्याच्या देखत आत बोटं घालून चाचपू लागले. "राग मानू नगंस. घालायच्या आधी रोज तपासायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय."

"राग कसला? तपासा की," भाचा म्हणाला. "टाचंकडं जरा नीट बघा."