पश्चात्ताप आणि मतिपालट : ‘मेटानोइया’ या शब्दाचा विचार

येशूस शत्रूंच्या हाती देऊन चांदीची तीस नाणी घेणारा त्याचा शिष्य यहूदा इस्कर्योत पुढे दुःखाने होरपळला. आपण एका निरपराध पुरुषाचा घात केला हे त्याने याजकांपुढे कबूल केले, ती नाणी मंदिरात फेकली आणि गळफास घेतला. पापाची जाणीव झाली, कबुली झाली, पापाने मिळालेल्या द्रव्याचा त्यागही झाला. लौकिकात ज्यास पश्चात्ताप म्हणतात त्याचे कोणते लक्षण येथे उणे आहे? तथापि यहूदा तरला असे ख्रिस्ती परंपरा सामान्यतः मानीत नाही.

या कोड्याचा उलगडा काही अंशी मूळ ग्रीक शब्दांत होतो. मत्तयाने यहूदाविषयी योजलेले क्रियापद ‘मेटामेलोमाइ’ हे आहे. केलेले कर्म मागाहून मनास लागणे, हळहळणे, हा त्याचा अर्थ. बाप्तिस्मा देणारा योहान आणि स्वतः येशू लोकांस ज्याची हाक देतात तो शब्द निराळा आहे, ‘मेटानोइया’. त्यात ‘नूस’ म्हणजे मन किंवा बुद्धी, आणि ‘मेटा’ने तिचा पालट सुचविला जातो. मराठी बायबलात यासाठी ‘पश्चात्ताप’ हा शब्द रूढ आहे. परंतु मागाहून होणारा ताप ही त्याची घडण पाहता तो यहूदाच्या शब्दाशीच अधिक जुळतो.

लॅटिन भाषांतराने याहून मोठा घोटाळा केला. तेथील शब्दयोजनेचा अर्थ ‘प्रायश्चित्त करा’ असा घेतला जाऊ लागला आणि बुद्धीच्या पालटाची हाक धर्मगुरूने नेमून दिलेल्या विधीत अडकली. पंधराव्या शतकात लोरेंझो वाल्ला याने या भाषांतरावर बोट ठेवले. इरॅस्मसने १५१६ साली ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला आणि त्यासोबतच्या टीपांत तोच आक्षेप मांडला. या शब्दाचा मूळ अर्थ कळल्यावर आपल्याला केवढा दिलासा मिळाला, हे मार्टिन ल्यूथरने १५१८ च्या एका पत्रात लिहिले आहे. एका शब्दाच्या अर्थाने इतकी उलथापालथ व्हावी, हे शास्त्राचा शब्दशः अभ्यास करणाऱ्यांस नवल वाटू नये.

मात्र केवळ व्युत्पत्तीवर भिस्त ठेवणे धोक्याचे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात ‘मेटानोएइन’ हे क्रियापद खेद पावणे या अर्थाच्या हिब्रू शब्दासाठीही आले आहे. म्हणजे मतिपालट दुःखविरहित असतो, असे नव्हे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात हा संबंध नेमका उलगडला आहे. ईश्वराभिमुख दुःख मेटानोइया उपजविते आणि त्या मेटानोइयाबद्दल पुन्हा हळहळ उरत नाही. जगाचे दुःख मरण उपजविते. येथे दुःख हे कारण आहे, मेटानोइया हे कार्य. कारणापाशीच थांबलेल्याची गती यहूदाच्या रूपाने दिसते. ताप खरा होता, पण त्याची दृष्टी स्वतःच्या कर्मावरून हलली नाही. पेत्रही गुरूस नाकारून ढसढसा रडला. त्याच्यासाठी शुभवर्तमानांत या दोहोंपैकी कोणताच शब्द नाही. तो परत फिरला, एवढे मात्र पुढील वृत्तांतावरून कळते. आणि लोकांनी ‘आम्ही काय करावे’ असे विचारले तेव्हा योहानाने त्यांस रडावयास सांगितले नाही. दोन अंगरखे असणाऱ्याने एक द्यावा, असे सांगितले.

तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील एक स्थळ महानुभाव साधकाने विशेष लक्षात घ्यावे असे आहे. तेथे मेटानोइया हे ईश्वराने द्यावयाचे दान मानले आहे आणि त्याची परिणती सत्याच्या ज्ञानात सांगितली आहे. दाता कोण, याविषयी दोन्ही मतांत मूलभूत भेद आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. पण जीवाचे अन्यथाज्ञान अश्रूंनी धुतले जात नाही, त्यास ज्ञानच लागते, हा सिद्धांत पंथीयांस परका नाही. सराळ्याचे म्हाइंभट विद्येच्या अभिमानाने सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींशी वाद करावयास आले होते. त्यांनी कोणते घोर पाप केले होते असे नाही. पालटावयाची होती ती बुद्धी. ती पालटली तेव्हा पंडित म्हणून मिळणारा मान मागे पडला, आणि तेच म्हाइंभट पुढे स्वामींची एकेक लीळा विचारीत गावोगाव हिंडले.