चालत्या दुकानाला कुलूप

जानेवारी २००४ मध्ये ॲपलने ‘आयपॉड मिनी’ जाहीर केला आणि पाहता पाहता तो कंपनीचा सर्वाधिक खपणारा आयपॉड ठरला. सप्टेंबर २००५ मध्ये, मागणी जोरात असतानाच, स्टीव्ह जॉब्स यांनी तो बंद करून टाकला आणि त्याच्या जागी ‘नॅनो’ आणला. पुढे सव्वा वर्षाने, जानेवारी २००७ मध्ये, त्यांनी आयफोन दाखवला. त्यात गाणी ऐकण्याची सगळी सोय होती. डबघाईतून वर आलेल्या कंपनीला ज्या वस्तूने वैभव दाखवले, तिचे दिवस भरल्याचीच ती घोषणा होती. जॉब्स यांची सौंदर्यदृष्टी, व्यासपीठावरची त्यांची मोहिनी, त्यांचा तापट स्वभाव यांवर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. मला त्यापेक्षा या कोरड्या व्यवहाराचे मोल जास्त वाटते. उत्तम चाललेल्या दुकानाला मालकाने आपल्या हाताने कुलूप लावायचे आणि शेजारी नवे दुकान उघडायचे, हे पगारी व्यवस्थापकाला सहसा जमत नाही. तिमाही निकालाच्या दिवशी भागधारक त्याला जाब विचारतात. संस्थापकाला तो जाब कोणी विचारत नाही, निदान लगेच तरी नाही. संस्थापक गेल्यावर तंत्रज्ञान कंपनी काही नवे घडवू शकते का, हा प्रश्न दिवंगताच्या प्रतिभेचा वारस कोण, अशा अंगाने विचारला जातो. प्रतिभा कामावर ठेवता येते, विकतही घेता येते. कुलूप लावण्याचा अधिकार मात्र नेमणूकपत्रात लिहून देता येत नाही, आणि खरी अडचण तिथे आहे.

हा अधिकार संस्थापकाच्या हाती असला तरी तो वापरला जातोच असे नाही, हे आधी मान्य करायला हवे. पोलरॉइडचे एडविन लँड हे विसाव्या शतकातल्या थोर संशोधक-उद्योजकांपैकी एक. १९४७ मध्ये त्यांनी झटपट छायाचित्राचे प्रात्यक्षिक दाखवले आणि १९७२ मध्ये एसएक्स-७० हा अद्भुत कॅमेरा आणला. त्याच लँड यांनी १९७७ मध्ये ‘पोलाव्हिजन’ ही झटपट चलच्चित्राची यंत्रणा बाजारात उतरवली. व्हिडिओ कॅसेट तोवर येऊन ठेपली होती. पोलाव्हिजनच्या चित्रफितीला आवाज नव्हता, ती पुसून पुन्हा वापरता येत नव्हती आणि लांबी जेमतेम अडीच-तीन मिनिटांची. रसायनांवरचे लँड यांचे प्रेम इतके गाढ की चुंबकीय फितीकडे त्यांना वळवले नाही. १९८० मध्ये त्यांना मुख्य कार्यकारी पद सोडावे लागले. त्यांच्यामागे आलेल्या व्यवस्थापकांनी डिजिटल प्रतिमांच्या संशोधनावर पैसा लावला, त्यात चांगले कामही झाले. पण कॅमेरा स्वस्तात विकायचा आणि नफा फिल्ममधून काढायचा, हे लँड यांच्या काळापासूनचे सूत्र त्यांनी वेदवाक्य मानले. फिल्मच नसलेला कॅमेरा त्या सूत्रात बसेना. ऑक्टोबर २००१ मध्ये पोलरॉइडने दिवाळखोरी जाहीर केली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे केन ओल्सन तर १९५७ पासून १९९२ पर्यंत स्वतः गादीवर होते. मिनीकॉम्प्युटरचे साम्राज्य उभारणाऱ्या या माणसाने पर्सनल कॉम्प्युटर मनापासून कधी स्वीकारला नाही, आणि १९९८ मध्ये त्यांची कंपनी कॉम्पॅकने विकत घेतली. संस्थापक हजर असतानाच सुरू झालेल्या अशा घसरणी आपण सोयीस्करपणे विसरतो. नावाजलेल्या संस्थापकांच्या यादीत यशस्वीच तेवढे उरतात.

उलट बाजूचा पुरावाही भक्कम आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल १९२२ मध्ये वारले आणि बेल लॅब्ज स्थापन झाली ती १९२५ मध्ये. ट्रान्झिस्टर, माहितीचा सिद्धान्त, सिलिकॉनचा सौरघट, युनिक्स ही सगळी अपत्ये संस्थापकाला कधी न पाहिलेल्या माणसांची. यावर आक्षेप ठरलेला आहे: बेल लॅब्जची मालक असलेल्या एटी अँड टीची मक्तेदारी होती, टेलिफोनची बिले न चुकता येत होती, मग शास्त्रज्ञांना पोसायला काय जाते? आक्षेप खरा आहे, पण तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो. ट्रान्झिस्टरमुळे कंपनीच्या कोणत्याच मिळकतीला धोका नव्हता. जळून जाणाऱ्या निर्वात नळ्यांपासून टेलिफोन जाळ्याची सुटका होणार होती. जिथे धोका वाटला तिथे हीच प्रयोगशाळा निराळी वागली. १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी तिथे चुंबकीय फितीवर निरोप टिपणारे यंत्र तयार केले होते. आपले बोलणे ध्वनिमुद्रित होते असे कळल्यावर लोक टेलिफोन वापरायला कचरतील, या भीतीने कंपनीने ते काम दडपून ठेवले. प्रतिभा तीच, पैसा तोच, प्रयोगशाळाही तीच. फरक पडला तो मिळकतीला धक्का बसेल की नाही, एवढ्या एका प्रश्नाने.

सोनीची कहाणी या दृष्टीने वाचली तर तिचा नेहमीचा अर्थ बदलतो. मसारू इबुका आणि अकिओ मोरिता यांनी १९४६ मध्ये उभारलेल्या या कंपनीने १९७९ मध्ये वॉकमन दिला. १९९३ च्या अखेरीस मोरितांना पक्षाघाताचा झटका आला, ते निवृत्त झाले आणि तिथून सोनीची चमक उतरली, असे सांगितले जाते. पुरावा म्हणून आयपॉडकडे बोट दाखवतात: वॉकमन ज्यांचा, त्यांनाच तो का सुचला नाही? सुचला होता. १९९९ मध्ये सोनीने मेमरी स्टिकवर गाणी साठवणारा वॉकमन काढला. पण तो एमपी-३ फाइल थेट वाजवत नसे. गाणे आधी सोनीच्या स्वतःच्या, नकलेला अटकाव करणाऱ्या स्वरूपात बदलून घ्यावे लागे. कारण उघड होते. १९८८ मध्ये सोनीने सीबीएस रेकॉर्ड्स विकत घेतली होती आणि गाणी फुकट फिरू लागली तर घरच्याच कंपनीचे नुकसान होते. ती खरेदी मोरितांच्या हयातीतली, त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळातली. पायातली बेडी संस्थापकांनीच घातलेली होती. आता दुसरे टोक पाहा. मोरिता आजारी पडल्यानंतर वर्षभराने, डिसेंबर १९९४ मध्ये, सोनीचे प्लेस्टेशन जपानी बाजारात आले. केन कुतारागी या अभियंत्याचा हट्ट वरिष्ठांपैकी अनेकांना पोरकटपणा वाटत होता. अध्यक्ष नोरिओ ओगा यांनी त्याला पाठीशी घातले. त्यासाठी जी स्वतंत्र कंपनी काढली, तीत भागीदार होती सोनीचीच संगीत कंपनी. डिजिटल वॉकमनच्या वाटेत आडवी आलेली संगीतशाखा खेळाच्या यंत्राला मात्र आसरा देते, कारण खेळाच्या यंत्राने कोणाच्याच गल्ल्याला हात लागत नव्हता.

मग संस्थापकाऐवजी नियम बसवता येईल का? इंटेलने नकळत हा प्रयोग केला, आणि त्याचा निकाल मला सर्वांत बोधक वाटतो. रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये स्थापलेली ही कंपनी मेमरी चिपवर वाढली. जपानी कंपन्यांनी त्या बाजारात तिला नामोहरम केल्यावर १९८५ मध्ये कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी मूर यांना विचारले की, आपल्याला काढून नवा माणूस आणला तर तो काय करील? मूर म्हणाले, तो मेमरीतून बाहेर पडेल. मग आपणच बाहेर जाऊन पुन्हा आत येऊ आणि तेच करू, असे ग्रोव्ह यांचे म्हणणे पडले. हा प्रसंग त्यांनी आपल्या पुस्तकात सांगितला आहे. संस्थापकालाही परक्याचा वेश घ्यावा लागला, हे यात लक्षात घेण्याजोगे. पण त्याआधीच खालच्या पातळीवर निर्णय जवळजवळ होऊन गेला होता. सिलिकॉनच्या प्रत्येक चकतीमागे जास्त नफा देणाऱ्या चिपला कारखान्यात प्राधान्य, असा उत्पादनाचा नियम होता. त्या नियमाने वर्षानुवर्षे मेमरीची जागा काढून मायक्रोप्रोसेसरला दिली होती. साहेबांनी मरणाच्या दाखल्यावर सही केली एवढेच. वीस वर्षांनी ॲपलने आपल्या येऊ घातलेल्या फोनसाठी इंटेलकडे चिप मागितली, तेव्हा याच हिशेबी वृत्तीने नकार दिला: देऊ केलेली किंमत अंदाजलेल्या खर्चाहून कमी होती. तो अंदाज चुकीचा होता आणि खप अपेक्षेच्या कितीतरी पट झाला, हे इंटेलचे तेव्हाचे प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी निवृत्त होताना बोलून दाखवले. नियमाला तोट्यातले दुकान बंद करता येते. नफ्यातल्या दुकानाला कुलूप लावून कमी नफ्याचे दुकान उघड, असे सांगणारा नियम कोणत्याही हिशेबनीसाला लिहिता येणार नाही.

आता ॲपल. जॉब्स यांनी २४ ऑगस्ट २०११ रोजी पद सोडले आणि ५ ऑक्टोबरला ते गेले. त्यानंतर ॲपलने काहीच नवे केले नाही, हे मत मला अज्ञानाचे वाटते. घड्याळ आणि एअरपॉड्स बाजूला ठेवले तरी नोव्हेंबर २०२० मधली एम-१ चिप ही संगणकाच्या इतिहासातली मोठी घटना आहे. पंख्याशिवाय चालणाऱ्या पातळ लॅपटॉपने तेव्हा इंटेलच्या महागड्या चिपना मागे टाकले. ती सुधारणा आहे, नवनिर्मिती नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी तिची वंशावळ पाहावी. जॉब्स १९८५ मध्ये ॲपलमधून बाहेर पडले. ते नसताना, १९९० मध्ये, ॲपलने एकॉर्न आणि व्हीएलएसआय यांच्यासह एआरएम ही कंपनी काढली, कारण न्यूटन या हातातल्या संगणकासाठी कमी वीज खाणारी चिप हवी होती. परतल्यावर जॉब्स यांनी १९९८ मध्ये न्यूटन बंद केला. एआरएमचे शेअर विकून आलेला पैसा कंपनीच्या अडचणीच्या दिवसांत कामी आला. आणि आयपॉड, आयफोन, एम-१ या सगळ्यांच्या आत धावते ती याच घराण्याची चिप. ज्या काळाला ‘जॉब्सविना वनवास’ म्हणून हिणवले जाते, त्याच काळात संस्थापकाच्या उत्तरायुष्यातल्या यशाचे बी पडले. त्या बिजाचे झाड व्हायला त्यांची उपस्थिती लागली, हेही तितकेच खरे; २००८ मध्ये पीए सेमी ही चिप कंपनी विकत घेण्याचा निर्णय जॉब्स यांच्याच कारकिर्दीतला.

ॲपलच्या बाजूने दिला जाणारा दुसरा पुरावा म्हणजे बाजारमूल्य: २०११ मध्ये साधारण ३५० अब्ज डॉलर, जून २०२३ च्या अखेरीस ३ लाख कोटी डॉलर. हा पुरावा मी बाजूला ठेवतो. स्टीव्ह बामर यांच्या काळात मायक्रोसॉफ्टचे उत्पन्नही तिपटीच्या आसपास गेले होते, आणि त्याच काळात तिने मोबाइलचे युग हातचे घालवले. हा कंपनीच्या वयाचा आणि आकाराचा दोष आहे, संस्थापकाशी त्याचा संबंध नाही, असे कोणी म्हणेल. पण २०१४ मध्ये सत्या नडेला आले तेव्हा मायक्रोसॉफ्ट तरुण झाली नव्हती, लहानही झाली नव्हती. त्यांनी येताच आयपॅडसाठी ऑफिस जाहीर केले. ते तयार झाले होते बामर यांच्याच काळात. अडले होते ते विंडोजला कमीपणा येईल म्हणून. २०१८ मध्ये विंडोजचा स्वतंत्र विभागच त्यांनी मोडला. अर्थात तोवर फोनच्या बाजारात विंडोज हरली होती, त्यामुळे हे कुलूप निम्म्या रिकाम्या दुकानाला होते. तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीचेही उदाहरण देतात: संस्थापक मॉरिस चँग जून २०१८ मध्ये निवृत्त झाले आणि तरी कंपनीने २०२० मध्ये ५ नॅनोमीटर, २०२२ च्या अखेरीस ३ नॅनोमीटर गाठले. कौतुक करावे तेवढे थोडे. पण तिथे नव्या पिढीचा कारखाना उभा राहतो तेव्हा जुना कारखाना कमावतच असतो. बंद काहीच करावे लागत नाही. संस्थापकाविना पुढे जाण्याची ही सर्वांत सोपी जात आहे.

याच मापाने जॉब्स यांच्यानंतर ॲपलची सूत्रे घेतलेल्या टिम कुक यांच्या काळाकडे पाहिले की चित्र स्पष्ट होते. घड्याळाला आयफोन लागतो, एअरपॉड्स आयफोनसोबत शोभतात, सेवांचे उत्पन्न आयफोनधारकांकडून येते. दहा वर्षे चाललेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गुंडाळलेला मोटारीचा प्रकल्प फोनच्या वाटेला जाणारा नव्हता. ३,४९९ डॉलरला बाजारात आलेला, डोळ्यांवर चढवायचा व्हिजन प्रोही नाही. २०२१ मध्ये आयपॅडमध्ये तीच एम-१ चिप बसवली, पण मॅकची प्रणाली त्याला दिली नाही. दिली असती तर अनेक ग्राहकांनी दोनऐवजी एकच वस्तू घेतली असती. शोधयंत्राबाबत तर दुकानही स्वतःचे नाही: गूगलने आपले नाव आयफोनवर आधीपासून बसवण्यासाठी २०२२ या एका वर्षात ॲपलला २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकी न्यायालयातल्या खटल्यात उघड झाले. काही न करता मिळणाऱ्या अशा रकमेवर पाणी सोडून स्वतःचे शोधयंत्र काढायला कोण धजेल? आपण असतो तर काय केले असते, असे विचारत बसू नका, वॉल्ट डिस्नेंच्या मागे त्यांच्या लोकांनी तेच केले, असे जॉब्स यांनी कुक यांना बजावले होते, असे कुक सांगतात. सल्ला पाळला गेला, त्याचे फळही मिळाले. मात्र कुक यांच्या कारकिर्दीत ॲपलने जे जे नवे केले ते आयफोनच्या आजूबाजूला, आयफोनच्या खाली किंवा आयफोनपासून सुरक्षित अंतरावर. आयफोनच्या जागी बसेल असे काही तिने बाजारात आणलेले नाही, आणि २०२३ या आर्थिक वर्षात तिचे निम्म्याहून अधिक उत्पन्न त्याच एका वस्तूतून आले.