मानाची जागा

पंगतीत कोणाचे पान कोठे मांडायचे, हा प्रश्न आपल्या समाजाने कधीच क्षुल्लक मानला नाही. ‘मानाचे पान’, ‘पंक्तिभेद’, ‘पंक्तिप्रपंच’ हे शब्द मराठीत उगाच रुजलेले नाहीत. ताटात वाढले जाणारे अन्न एकच असले, तरी कोण कोणाच्या शेजारी बसला आणि कोणाला उठवून कोणाला बसविले, यावरून नातीगोती तुटल्याच्या आठवणी आपल्या गावोगावी आहेत. आता लग्नातील पंगती बऱ्याच ठिकाणी उभ्याउभ्याच उरकतात. जागेचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. मंडपातून उठून तो खेळाच्या मैदानावर जाऊन बसला आहे.

एखाद्या शहरात हॉकीचे नवे स्टेडियम उभे राहत आहे, अशी कल्पना करू. साऱ्या हंगामाची तिकिटे आगाऊ विकायची आहेत. आसनांचा नकाशा आपल्यापुढे ठेवला जातो. मध्यरेषेसमोरच्या जागा महाग, गोलामागच्या स्वस्त, कोपऱ्यातल्या त्याहून स्वस्त, आणि सर्वांच्या वर काचेआड थंडगार कक्ष. बोट ठेवावे, पैसे भरावेत, की वर्षभर ती खुर्ची आपली. कॅनडात बर्फावरच्या हॉकीची अशी सीझन तिकिटे घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या जपली जातात. टोरांटोचा संघ १९३१ साली उघडलेले मेपल लीफ गार्डन्स सोडून १९९९ मध्ये नव्या वास्तूत गेला, तेव्हा जुन्या खुर्च्यांबरोबर जुने शेजारही मोडले आणि सर्वांना नव्याने जागा धरावी लागली. अशा वेळी माणूस नेमके काय निवडतो? खेळ चांगला दिसावा म्हणून जागा निवडतो, की पाठ दुखू नये म्हणून, की शेजारी कोण असेल आणि कोण नसेल हे पाहून?

यात नीतीचा प्रश्न तो कोणता, असे कोणी विचारील. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याने चांगली जागा घ्यावी, ज्याच्याकडे नाहीत त्याने मागे बसावे. बाजारात भाजी घेतानाही आपण हेच करतो. आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. भाजी आपण घरी नेऊन खातो. सार्वजनिक ठिकाणची जागा घरी नेता येत नाही. ती धरली की दुसऱ्या कोणाची तरी गेली, आणि ज्याची गेली तोही त्याच खेळासाठी आलेला असतो. म्हणून जागेची निवड ही केवळ खरेदी राहत नाही. ती शेजाऱ्याशी केलेला व्यवहार ठरते.

हे म्हणणे पडताळून पाहण्यासाठी मुंबईला जाऊ. चर्चगेट स्थानकाच्या आसपास ब्रेबर्न, वानखेडे आणि हॉकीचे, अशी तीन स्टेडियम आहेत. तासाभरात तिन्ही पायी पाहून होतात. त्यांपैकी पहिल्या दोहोंच्या इतिहासात जागांच्या भांडणाला मोठे स्थान आहे. १९३३ च्या डिसेंबरात हिंदुस्थानातील पहिला कसोटी सामना बाँबे जिमखान्याच्या मैदानावर झाला. लाला अमरनाथ यांनी ११८ धावा काढल्या आणि मैदान आनंदाने वेडे झाले. परंतु ज्या जिमखान्याच्या अंगणात हा पराक्रम घडला, त्या जिमखान्याचे सभासदत्व त्या काळी केवळ गोऱ्यांसाठी होते. आपल्या देशाचा खेळ पाहण्यासाठी परक्याच्या अंगणात जावे लागणे, हे शल्य त्या काळच्या अनेकांच्या मनात होते.

ते दूर करण्यासाठी जी खटपट झाली, तीत मूळचे गोव्याचे असलेले अँथनी डिमेलो हे अग्रभागी होते. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली, समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर ब्रेबर्न स्टेडियम उभे राहिले आणि १९३७ साली ते खुले झाले. आता कोणाचे उपकार नकोत, सर्वांनी आपल्या मैदानावर आपला खेळ पाहावा, असा तो प्रसंग होता. त्या काळी मुंबईत धर्मवार संघांचे सामने होत. त्याच १९३७ साली चौरंगी सामन्यांचे पंचरंगी झाले. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान यांच्या जोडीला ‘रेस्ट’, म्हणजे ‘उरलेले’, असा पाचवा संघ आला. आपल्यासारखे ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध यांना त्यात प्रथमच पाट मांडून मिळाला. आणि नेमक्या त्याच वर्षी हिंदूंचा संघ स्पर्धेतून बाहेर राहिला! कारण होते नव्या स्टेडियममधील आसनांचे वाटप. हिंदू जिमखान्याच्या मते त्यांच्या वाट्याला आलेल्या जागा अपुऱ्या होत्या. खेळाडूंचा यात काही अपराध नव्हता, पाहणाऱ्यांचा तर नव्हताच. पण खुर्च्यांची संख्या जुळेना म्हणून खेळच सोडला गेला.

पुढच्या वर्षी हिंदू संघ परतला. याच ब्रेबर्नवर १९४३ च्या डिसेंबरात पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सांगलीत जन्मलेल्या एका मराठी ख्रिस्ती तरुणाने ‘रेस्ट’च्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या. तो तरुण म्हणजे विजय हजारे. ‘रेस्ट’चा संघ सामना हरला, परंतु ती खेळी अजूनही सांगितली जाते. ती पाहणाऱ्यांत कोण गादीच्या खुर्चीवर होता आणि कोण लाकडी बाकावर, हे आज कोणाला ठाऊक? खेळाने सर्वांना सारखेच वाढले होते.

दुसरे भांडण स्वातंत्र्यानंतरचे. ब्रेबर्नची मालकी क्रिकेट क्लबकडे, तर मुंबईच्या क्रिकेटचा कारभार मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे. कसोटी सामना आला की असोसिएशनला तिकिटे किती द्यायची, यावरून दोघांचे वाजे. क्लबची बाजू पोकळ नव्हती. वास्तू त्यांची होती आणि तिची देखभालही तेच करीत होते. असोसिएशनची बाजूही पोकळ नव्हती. मैदानात उतरणारे खेळाडू ज्या शेकडो क्लबांतून घडत, त्यांना आपल्याच खेळाडूंचा सामना पाहण्यासाठी हात पसरावे लागत. अखेर असोसिएशनचे अध्यक्ष आणि तेव्हाचे विधानसभेचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी निराळे स्टेडियम उभारण्याचा निर्धार केला. ब्रेबर्नपासून एक किलोमीटरच्याही आत ते उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिला कसोटी सामना झाला आणि वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा काढल्या. इकडे ब्रेबर्नवर १९७३ नंतर थेट २००९ च्या डिसेंबरापर्यंत कसोटी सामना झाला नाही. जागांवरून झालेल्या रुसव्याने एक सुंदर मैदान सुमारे छत्तीस वर्षे कसोटीविना राहिले.

कथा येथेच संपली असती, तर अन्यायाविरुद्धच्या विजयाची कथा म्हणून आम्ही ती आनंदाने सांगितली असती. परंतु तिला उत्तरार्ध आहे. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्यापूर्वीच्या नूतनीकरणात जुने बाक गेले आणि खुर्च्या आल्या. सुमारे ४५ हजार माणसे सामावून घेणारे स्टेडियम सुमारे ३३ हजारांचे झाले. बसणाऱ्याची सोय झाली, पण बारा हजार माणसांना दार बंद झाले. उरलेल्या ३३ हजारांपैकी बहुतेक जागा संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय संघटना आणि अन्य हक्कदार यांच्यात वाटल्या गेल्या. रांगेत उभे राहणाऱ्या सामान्य माणसासाठी विक्रीस ठेवलेली तिकिटे होती सुमारे चार हजार. ज्या संस्थेने ‘आम्हांला जागा मिळत नाही’ म्हणून स्वतःचे घर बांधले, तिच्याच घराबाहेर आता इतर लोक तेच वाक्य बोलत होते.

आम्ही कोणा संस्थेवर दोषारोप करण्यासाठी हे लिहीत नाही. सर्वांनाच लागू पडणारे एक सत्य यात दिसते, ते असे की जागा न मिळाल्याचे दुःख माणसाला आपोआप न्यायी बनवीत नाही. १९३३ मध्ये जो अंगणाबाहेर होता, तो १९३७ मध्ये दारावर उभा राहिला. १९७३ मध्ये ज्याने दारावर हुज्जत घातली, त्याच्याकडे पुढे किल्ल्या आल्या. प्रत्येकाला आपली मागणी रास्त वाटली, आणि ती होतीही. पण खुर्चीत बसल्यावर पाठीमागे वळून पाहण्याची सवय कोणालाच लागली नाही.

तर मग कायमची जागा धरणेच अयोग्य, असे म्हणायचे काय? आम्हांला तसे वाटत नाही. हॉकीचेच उदाहरण घेऊ. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस असे मुंबईच्या मैदानांवर खेळलेले आपले बांधव होते. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेत्या संघात मर्विन फर्नांडिस होते. तरीही क्रिकेटला मिळतो तसा प्रेक्षकवर्ग हॉकीला आपल्याकडे क्वचितच मिळाला. अशा खेळाला जो माणूस हंगामाच्या आरंभीच पैसे भरून सांगतो, ‘संघ हरला तरी मी येईन’, तो खेळाचा खरा पोशिंदा. त्याची ठरलेली जागा ही त्याच्या निष्ठेची खूण असते. शिवाय वर्षानुवर्षे त्याच बाकावर बसणाऱ्यांत ओळखी होतात, एकाच्या घरचे दुःख दुसऱ्याला कळते, न आलेल्याची विचारपूस होते. अशा जागेला नावे ठेवणे हा कोतेपणा होईल.

दोष जागा धरण्यात नाही. धरलेल्या जागेचे आपण पुढे काय करतो, त्यात आहे. आमच्या मते तीन गोष्टी तपासून पाहाव्यात.

पहिली, जागा रिकामी राहते काय? हक्काच्या खुर्चीचा मालक घरी आणि बाहेर तिकिटासाठी रांग, हे दृश्य अन्नाचे ताट झाकून ठेवून भुकेल्याला दारात उभे करण्यासारखे आहे. विम्बल्डनच्या टेनिस मैदानावर यावर एक साधी व्यवस्था आहे. जो प्रेक्षक लवकर निघतो तो आपले तिकीट परत करतो, ते रांगेतील दुसऱ्याला अल्प दरात मिळते आणि आलेली रक्कम धर्मादाय कार्याला जाते. १९५४ पासून ही रीत चालू आहे. आसनाची मालकी कायम ठेवूनही ते वाटून घेता येते, याचा हा चांगला दाखला.

दुसरी, सोयीसाठी आपण किती जणांना बाहेर काढतो? बाकावर थोडे सरकून बसले की आणखी एक जण मावतो. खुर्चीच्या दोन हातांमध्ये तो मावत नाही. वयोवृद्धांना, आजाऱ्यांना खुर्ची हवीच. परंतु साऱ्या मैदानाच्याच खुर्च्या करणे म्हणजे ज्याच्याकडे पैसा कमी त्याला खेळापासून तोडणे होय.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. आपण खेळ जवळून दिसावा म्हणून पुढे बसतो, की माणसे दूर राहावीत म्हणून? हा प्रश्न मैदानापुरता नाही. युरोप-अमेरिकेत एके काळी कित्येक चर्चमधील बाके वर्षाच्या भाड्याने दिली जात; भाडे भरणारे कुटुंब पुढे आणि न भरणारे मागे, कधी उभे. हे जवळजवळ सीझन तिकीटच होते. वस्तुतः सोन्याची अंगठी घातलेल्या पाहुण्याला चांगली जागा देऊन मळक्या वस्त्रांतील गरिबाला उभे ठेवणाऱ्यांची कानउघाडणी संत याकोबाने आपल्या पत्रात कधीच करून ठेवली होती. ती वाचूनही बाके भाड्याने गेली. ज्ञान असले तरी पुढच्या जागेचा मोह सुटत नाही, एवढेच यावरून दिसते.

हा प्रश्न दूरचा वाटत असेल, तर छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बिडकीनकडे पाहावे. जेथे काल कापूस आणि बाजरी होती, तेथे दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेसाठी जमिनी घेतल्या गेल्या आणि रुंद रस्ते व भूखंड आखले गेले. ओडिशातील राउरकेला हेही असेच कारखान्यांचे शहर. तेथे जानेवारी २०२३ मध्ये बिरसा मुंडा यांच्या नावाचे, वीस हजारांहून अधिक आसनांचे हॉकी स्टेडियम उघडले. ते ज्या सुंदरगढ जिल्ह्यात आहे, तेथील आदिवासी गावांत बोकडाच्या बक्षिसासाठी हॉकीचे सामने खेळले जातात आणि त्याच जिल्ह्याने दिलीप तिर्की यांच्यासारखे ऑलिंपिक खेळाडू दिले. बिडकीनलाही उद्या एखादे मोठे मैदान उभे राहणे अशक्य नाही. तेव्हा आसनांचा नकाशा उलगडला जाईल. मध्यरेषेसमोर कोण बसेल? कारखान्याचे अधिकारी बसतील, कंत्राटदार बसतील, त्यात गैर काही नाही. परंतु ज्याच्या शेतावर ते मैदान उभे असेल, त्याचा नातू कुंपणाच्या जाळीतून पाहत असेल काय?

बिडकीनच्या पुढे पैठण आहे. श्राद्धाच्या दिवशी रांधलेल्या अन्नाचा सुवास येऊन दाराशी थबकलेल्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबाला संत एकनाथांनी घरात बोलावून प्रथम वाढले आणि त्यामुळे निमंत्रित ब्राह्मण रागावून निघून गेले, अशी कथा त्या गावी सांगितली जाते. नाथांनी पंगत मोडली नाही. ती कोणापासून सुरू करायची, एवढे बदलले. नव्या मैदानाचा नकाशा आखणाऱ्यांनीही एवढेच करावे. स्वस्त जागा आधी ठरवाव्यात, त्या चांगल्या दिसणाऱ्या बाजूला असाव्यात, शाळेतील मुलांसाठी काही बाक मोकळे ठेवावेत आणि मग उरलेल्या जागांना हवी ती किंमत लावावी.

आणि आपण, जे अर्ज भरणारे आहोत, त्यांनी? चांगली जागा परवडत असेल तर अवश्य घ्यावी. तिच्यावर नियमाने जाऊन बसावे. ज्या दिवशी जाणे जमणार नाही, त्या दिवशी ती कोणाला द्यायची, ते नाव मात्र अर्ज भरतानाच मनात निश्चित करून ठेवावे. ते नाव आपल्या नात्यागोत्याबाहेरचे असेल, तर अधिक चांगले.